मनोऱ्यावाचून मालिका

नागपुरात राहत असाल तर सेमिनरी हिल्सवरचा दूरदर्शनचा मनोरा तुम्ही पाहिला असेल. राहत नसाल, तर आपल्या गावाजवळचा तसलाच एखादा उंच लोखंडी मनोरा डोळ्यांपुढे आणा. ऐंशीच्या दशकात अशा मनोऱ्यांनी घरोघरी चित्रे पोचवली. त्या वेळी कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना उभे असत. वारा सुटला की एकजण वर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, "आलं, आलं... गेलं! थोडं मागं!" तुमच्या आजोबांना विचारून पाहा, हे काम बहुधा त्यांनीच केलेले असेल.

आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी तुमच्याएवढी एखादी मुलगी मोबाइलवर मराठी मालिका पाहत बसलेली दिसेल. ती मालिका मनोऱ्यावरून आलेली नाही. दूरदर्शनच्या किंवा केबलच्या कोणत्याही वाहिनीवर ती कधी दाखवलेलीच नाही. ती मुळात इंटरनेटसाठीच तयार केलेली आहे. अशा मालिकेला आपण वेब मालिका म्हणतो. तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? पडदा लहान झाला, एवढेच ना! नाही. मनोऱ्यावरून येणारी मालिका आणि ही मालिका यांत फार मोठा फरक आहे. तो नीट कळला, की ती मधेच थांबून गोल चक्र का फिरू लागते, हेही कळेल आणि गावातली माणसे स्वतःच्या बोलीत मालिका कशी करू शकतात, हेही.

प्रथम मनोऱ्याचे गणित पाहू. मनोरा विद्युतचुंबकीय लहरी चोहीकडे फेकतो. त्या कोण पकडतो याची त्याला पर्वा नसते. एका घरात संच चालू असो की एक लाख घरांत, मनोऱ्याला वीज तेवढीच लागते. ही केवढी सोय! पण या सोयीबरोबर एक अडचण येते. दोन वाहिन्यांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक वाहिनीला कंप्रतेचा स्वतंत्र पट्टा द्यावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत एका वाहिनीला ७ ते ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागे. असे पट्टे मोजकेच असतात, आणि दिवसाचे तास चोवीसच. त्यामुळे कोणाला तरी बसून ठरवावेच लागे, की कोणता कार्यक्रम घ्यायचा, कोणत्या भाषेतला, किती वाजता आणि किती मिनिटांचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून मराठी कार्यक्रमांची निवड बहुतांशी मुंबईतच होत आली. निवडणाऱ्यांचा यात दोष नव्हता. जागाच थोडी होती. पण परिणाम असा झाला, की वऱ्हाडी बोलणारे पात्र पडद्यावर आलेच तर बहुधा लोकांना हसवण्यापुरते येई. गोष्ट त्याची नसे.

इंटरनेटवर असा पट्ट्यांचा प्रश्न नाही. तेथे मालिका एका संगणकाच्या भांडारात ठेवलेली असते. या भांडाराला सर्व्हर म्हणतात. तुम्ही मागाल तेव्हा तिची एक प्रत तुमच्याकडे निघते. हजार मालिका ठेवा, त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. म्हणूनच २०१६ साली 'भाडिपा' म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी' या मंडळींनी अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांची गप्पांची मालिका सरळ यूट्यूबवर टाकली आणि ती महाराष्ट्रभर पाहिली गेली. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका अशीच घडली. तीत गल्ल्याही खऱ्या आणि बोलणेही तिथलेच. पुढे मोठ्या कंपन्याही आल्या. २०१९ साली 'आणि काय हवं' ही नवरा-बायकोच्या साध्या संसाराची मालिका आली, तर २०२० साली सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर'. त्याच्याही आधी, २०१३ साली अमेरिकेत नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्‌स' या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांच्या हवाली केले होते. आठवडाभर वाट पाहण्याची प्रथा तेथे मोडली.

हे सारे छान झाले. पण मागेल त्याला स्वतंत्र प्रत द्यायची, याचा अर्थ काय होतो ते तुमच्या ध्यानात आले का? मनोऱ्याला लाख घरांसाठी एकदाच काम करावे लागे. येथे लाख घरांसाठी लाखदा करावे लागते! मग हे परवडते कसे? चला, थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या.

चांगल्या प्रतीच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट लागतात; म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट. आता वीस मिनिटांच्या एका भागाचे १,२०० सेकंद धरा. उत्तर येते जवळजवळ १८६ गीगाबाइट. तुमच्या घरच्या मोबाइलला रोज दीड गीगाबाइट मिळत असतील, तर मालिकेचा एक भाग पाहायला चार महिन्यांचा साठा लागेल!

प्रत्यक्षात तोच भाग चांगल्या प्रतीत सुमारे ७५० मेगाबाइटांत येतो. म्हणजे अडीचशे भागांतले दोनशे एकोणपन्नास भाग कोणीतरी गाळले आणि तरीही तुमच्या डोळ्यांना पत्ता लागला नाही. ही किमया कशी साधली?

पहिली युक्ती तुमच्या डोळ्यांच्या एका उणिवेवर आधारलेली आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, पण रंगातला तितका बारीक फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याची उजळता नोंदवतात, मात्र रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच सांगतात. बारा आकड्यांचे काम सहा आकड्यांत भागले! ही युक्ती जुनीच आहे. रंगीत दूरदर्शननेही तिचा उपयोग केला होता.

दुसरी युक्ती जरा खोल आहे आणि तिच्या मुळाशी बंगळूरचा एक मुलगा आहे. नासिर अहमद हे १९४० साली बंगळूरला जन्मले, तेथेच अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी चित्राची माहिती आटवण्याची एक गणिती रीत सुचवली आणि तिच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये तो शोध प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. नाव अवघड आहे, पण कल्पना समजण्यासारखी आहे.

समजा, संध्याकाळी फुटाळा तलावावर कोणी आकाशाचे चित्र घेतले. त्यातला आठ बाय आठ ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन उचला. त्यात चौसष्ट ठिपके आहेत, पण सगळे साधारण एकाच केशरी छटेचे. मग चौसष्ट आकडे कशाला लिहायचे? एक आकडा सरासरी उजळतेचा लिहा. दुसरा, डावीकडून उजवीकडे उजेड किती कमी होतो त्याचा. तिसरा, वरून खाली किती त्याचा. याहून बारीक चढउतार असतील तर पुढचे आकडे. आकाशात ते जवळजवळ शून्यच निघतात. जे आकडे इतके लहान असतात की गाळले तरी डोळ्याला कळणार नाही, ते गाळून टाकायचे. चौसष्टांऐवजी पाच-सहा आकड्यांत काम भागते. नेट मंद झाले की कधी कधी चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात, ते तुम्ही पाहिले आहे ना? तेच हे चौकोन! अशा वेळी आकडे जरा जास्तच गाळलेले असतात.

तिसरी युक्ती सर्वांत फायद्याची. अंबाझरीच्या काठावर बाकावर बसून दोन मैत्रिणी बोलत आहेत, असा प्रसंग आहे. एका सेकंदातल्या पंचवीस चित्रांत काय बदलते? ओठ, हात, एखादी बट. बाक तोच, झाड तेच. मग प्रत्येक वेळी झाड नव्याने पाठवायचे कशाला? पहिले चित्र पूर्ण पाठवतात आणि नंतर फक्त बदल कळवतात. पुष्कळदा तर 'अमुक चौकोन दोन ठिपके डावीकडे सरकव' एवढा हुकूमच पुरतो. दर काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र पाठवतात, म्हणजे चुका साठत नाहीत.

यावरून एक गंमत निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, आणि त्यांच्याभोवती हजारो माणसे. हा प्रसंग मालिकेत घेतला तर चित्राचा कोपरान् कोपरा हलत असतो. 'तेच झाड' असे म्हणण्याजोगे काही उरत नाही. बाकावरच्या दोन मैत्रिणींपेक्षा मारबतीचे एक मिनिट कितीतरी अधिक बाइट खाते. पावसाचेही तसेच. तेव्हा नेट मंद असताना मिरवणुकीचेच दृश्य नेमके खराब का दिसते, हे आता तुम्हीच सांगाल.

माहिती आटली, आता प्रवास. आपला ७५० मेगाबाइटांचा भाग अखंड निघत नाही. त्याचे जास्तीत जास्त सुमारे दीड हजार बाइटांचे तुकडे करतात. म्हणजे पाच लाखांच्या आसपास पुडकी झाली. प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि अनुक्रम लिहिलेला असतो. ही पुडकी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने धावतात. असे तंतू पुष्कळ ठिकाणी रेल्वेच्या रुळांलगत पुरलेले आहेत. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर असतो. मुंबई ते नागपूर हे रुळांवरचे सुमारे ८४० किलोमीटर त्याला सेकंदाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. वाटेत एखादे पुडके हरवले तर तुमचा फोन 'अमुक क्रमांकाचे पुन्हा पाठवा' असा निरोप धाडतो. सर्व्हरने लाख लोकांना अशी पुडकी एकाच वेळी पुरवायची म्हटली आणि प्रत्येकाला सेकंदाला ५० लाख बिट लागतात असे धरले, तर दर सेकंदाला पन्नास हजार कोटी बिट बाहेर पडले पाहिजेत. एका रस्त्यावर एवढी गर्दी कशी मावणार?

याचे उत्तर इतवारीतल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला ठाऊक असते. गिऱ्हाईक आले की तो गिरणीकडे धावत नाही. माल आधीच आणून ठेवतो. मालिकांचेही तसेच करतात. ज्या मालिकेला मागणी येणार, तिच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवतात आणि तुम्हाला जवळच्या भांडारातून माल मिळतो. नेटफ्लिक्सने २०१२ सालापासून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडेच आपल्या पेट्या बसवायला आरंभ केला. वर्दळ कमी असते अशा वेळी या पेट्या भरून घेतात.

राहिला शेवटचा टप्पा, तुमच्या घराचा. येथे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करा. नळाचे पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे. पण टाकी भरलेली असेल तर खालची तोटी सारखीच वाहते. फोनही पुढच्या काही सेकंदांची चित्रे आधीच आणून स्वतःच्या टाकीत साठवतो. या साठ्याला बफर म्हणतात. टाकी रिकामी झाली, की मालिका थांबते आणि चक्र फिरू लागते. ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक भागाचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चार-सहा निरनिराळ्या प्रतींत तयार ठेवलेला असतो. धार मंदावली की फोन पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागवतो. वाढली की पुन्हा चांगल्या प्रतीचा. हा निर्णय सर्व्हर घेत नाही, तुमच्या हातातला फोन घेतो.

ही सारी व्यवस्था एकदा खऱ्या कसोटीला लागली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देश घरात बंद झाला. शाळा, कचेऱ्या, दवाखान्यांचे सल्ले, सारेच तारांवर आले आणि त्यात मालिका. रस्ते तुंबू नयेत म्हणून भारतातील मालिका पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवले, की १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर ४८० ओळींहून वरच्या प्रतीचे चित्र पाठवायचे नाही. नेमके त्याच आठवड्यात, २८ मार्चला, दूरदर्शनने जुने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. घराघरांत संच लागले. दूरदर्शनला मात्र चित्राची प्रत कमी करावी लागली नाही. एकाने पाहिले काय किंवा कोट्यवधींनी, प्रक्षेपणाचे ओझे तेवढेच! तेव्हा मनोरा आणि उपग्रह म्हातारे झाले, आता फेकून द्या, असे कोणी म्हणू लागला तर घाई करू नका. सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी सांगायची असेल तर त्यांच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. वादळाची सूचना मला तरी त्यांच्याकडूनच यावीशी वाटते.

आणि ज्याला थोड्या लोकांना पण आपल्याच बोलीत काही सांगायचे आहे, त्याच्यासाठी हा दुसरा रस्ता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, डेटा एकदम स्वस्त झाला आणि तो रस्ता खेड्यांपर्यंत गेला. महालातल्या एखाद्या वाड्यात राहणाऱ्या आजीची गोष्ट करायची असेल, आणि ती आजी "काऊन रे, कुठी चालला?" असेच बोलणार असेल, तर त्यासाठी आज मुंबईची परवानगी लागत नाही. एक बरा कॅमेरा लागतो, आवाज टिपायला वेगळा माइक लागतो (हा विसरू नका, चित्र थोडे वाईट चालते, आवाज वाईट चालत नाही), आणि गोष्ट लागते.

पण निवडणारा खरोखरच नाहीसा झाला का? माझ्या मते नाही, तो बदलला. पट्टे मोजके होते तेव्हा माणूस निवडत असे. आता मालिका अगणित आहेत आणि मोजका आहे तो तुमचा वेळ. लाखो चित्रफितींतून तुमच्या पडद्यावर कोणत्या दहा आधी दिसाव्यात, हे संगणकाचा कार्यक्रम ठरवतो. तुम्ही काय पाहिले, कुठे थांबलात, काय अर्ध्यावर सोडले, हे तो मोजतो आणि तुम्ही जे अधिक वेळ पाहाल ते पुढे करतो. एक भाग संपता संपता दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामागेही हाच हिशेब असतो. २०१७ साली नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी तर झोप हीच आपली स्पर्धक असल्याचे बोलून दाखवले होते! आपोआप सुरू होण्याची ही सोय बंद करता येते. सेटिंगमध्ये शोधा.

सर्वच मालिका तुमच्यासाठी नसतात, हेही सांगितले पाहिजे. नागपूरच्या न्यायालयात २००४ साली घडलेल्या एका हत्येवर उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली तीन भागांची मालिका २०२२ साली नेटफ्लिक्सवर आली. ती मोठ्यांनी पाहायची आहे. २०२१ च्या सरकारी नियमांनुसार प्रत्येक मालिकेवर वय लिहावे लागते. सर्वांसाठी, ७, १३ किंवा १६ वर्षांवरील, आणि फक्त प्रौढांसाठी. सुरुवातीला वरच्या कोपऱ्यात ते दिसते.

आता एक प्रयोग. घरच्यांना विचारून मोबाइलवर एखादी मालिका लावा. लावल्याबरोबर दहा सेकंदांनी फोन एरोप्लेन मोडवर टाका. वाय-फायही बंद झाले आहे ना, ते पाहा. मालिका लगेच थांबणार नाही. घड्याळ लावून किती सेकंद चालते ते मोजा; तेवढी तुमची टाकी भरलेली होती. मग तोच प्रयोग दोन मिनिटे मालिका पाहून झाल्यावर करा. पुढे एकदा चित्राची प्रत सर्वांत हलकी ठेवून करा आणि एकदा सर्वांत चांगली ठेवून. रात्री नऊ वाजता, म्हणजे सारी गल्ली काही ना काही पाहत असते तेव्हा, आणि पहाटे सहा वाजता असे दोन्ही वेळा आकडे घ्या. वहीत तक्ता आखा. चार मित्रांनी चार निरनिराळ्या वस्त्यांतून असे तक्ते केले, तर नागपुरात कोणाच्या गच्चीवरची टाकी केव्हा भरते आणि केव्हा आटते, त्याचा एक नकाशाच तयार होईल.